अपघात विभागांत मधुमेहाचा शोध

पुणें-बंगळूर महामार्गानें कोल्हापुरांत शिरण्यापूर्वीं, पंचगंगेच्या अलीकडे, शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. तेथील एका फौंड्रींत काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षीं मला भेटावयास आला, तेव्हां त्याच्या उजव्या पायाचीं दोन बोटें नव्हतीं. मीं विचारलें, "अरे, हें काय झालें?" तो म्हणाला, "गुरुजी, तापल्या लोखंडाची ठिणगी बुटांत पडली. भाजल्याचें मला कळलेंच नाहीं. घरीं मोजा काढला तेव्हां दिसलें." रुग्णालयांत जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताची सुई टोचली आणि त्याला घरीं पाठविलें. जखम कांहीं भरेना. दोन महिन्यांनीं साखर तपासली, तेव्हां मधुमेह निघाला.

'भाजलें तें कळलें नाहीं' या एका वाक्यांतच रोगाची खूण होती. मधुमेह जुना झाला म्हणजे पायाच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते, रक्तपुरवठा कमी होतो आणि जखमा चिघळतात. हृदयविकाराचा झटकासुद्धां कित्येकदां छातींत कळ न येतां येतो. हा रोग ओरडून सांगत नाहीं, हेंच त्याचें कपट.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत सुमारें १० कोटी लोकांस मधुमेह आहे, आणि आणखी सुमारें साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी व्हावी अशी सरकारी योजना आहे. परंतु पाळीवर जाणारा कामगार खाडा पडेल म्हणून धडधाकट असतांना दवाखान्याची पायरी चढत नाहीं. त्याची आणि डॉक्टरांची गांठ पडते ती बहुधा अपघात विभागांतच. मग तो शोध तेथेंच कां घेऊं नये?

कोणी म्हणतील, दुखापतीच्या धक्क्यानें अगर तापानें साखर तात्पुरती वाढतेच. आक्षेप खरा आहे. म्हणूनच 'तीन महिन्यांची साखर', म्हणजे एचबीए१सी, ही तपासणी येथें उपयोगी पडते. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात. तेवढ्या काळांत त्यांतील हिमोग्लोबिनाला जी साखर चिकटते तिचें हें मोजमाप. उपाशी पोटीं असण्याची जरुरी नाहीं. आंकडा ६.५ टक्के वा अधिक आला तर मधुमेह, ५.७ ते ६.४ असेल तर उंबरठा. लक्षणें नसल्यास दुसऱ्या तपासणीनें खात्री करावी लागते. पंडुरोग असेल, पुष्कळ रक्त गेलें असेल अगर नुकतेंच रक्त दिलें असेल, तर हा आंकडा फसवूं शकतो. तेथें डॉक्टरांचाच विवेक प्रमाण.

हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. ऑस्ट्रेलियांत सिडनीजवळील ब्लॅकटाऊनच्या रुग्णालयांत, आपत्कालीन विभागांत आलेल्यांचें जें रक्त इतर कारणासाठीं काढलें जात असे, त्यांतच ही तपासणी करून पाहिली. २०१६ मध्यें त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. मधुमेही ठरलेल्यांपैकीं सुमारें एक-तृतीयांश लोकांस आपल्याला हा रोग आहे याची वार्ताही नव्हती. निराळी सुई नाहीं, निराळी खेप नाहीं.

अर्थात् अपघात विभागाचें पहिलें कर्तव्य जीव वाचविणें हेंच. उपचारांची जबाबदारीही त्याच्यावर लादूं नये. परंतु आंकडा लिहिलेली एक चिठ्ठी आणि 'पुढें अमुक ठिकाणीं जा' एवढा स्पष्ट निरोप रोग्याच्या हातीं पडलाच पाहिजे. पुढचा मार्ग न दाखवितां केलेली तपासणी म्हणजे कागदाची भर.

'आमचा माणूस तर किडकिडीत आहे' या समजुतीवर मात्र विसंबूं नका. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखवून दिलें आहे कीं, दिसावयास बारीक असलेल्या भारतीय शरीरांतही चरबीचें प्रमाण अधिक असूं शकतें.

श्रोतेहो, घरच्या अगर कारखान्यांतील माणसाला घेऊन रुग्णालयांत जाण्याचा प्रसंग येऊं नये, पण आलाच, तर पट्टी बांधून झाल्यावर दोन शब्द नम्रपणें विचारा: "डॉक्टरसाहेब, यांची तीन महिन्यांची साखर पाहतां येईल कां?" माझा विद्यार्थी आतां रोज रात्रीं आरसा धरून आपले तळवे न्याहाळतो. तो प्रश्न त्याच्या वतीनें पहिल्याच दिवशीं कोणी विचारला असता, तर कदाचित् त्याचीं दोन्ही बोटें वांचलीं असतीं.