विजयानंतरचे स्त्रीपर्व



महाभारताचे युद्ध अठरा दिवसांत संपते. ग्रंथ मात्र तेथे संपत नाही. युद्धपर्वांच्या पाठोपाठ व्यासांनी स्त्रीपर्व लिहिले आहे. गांधारी रणभूमीवर येते, कुंती येते, उत्तरा येते आणि प्रत्येक जण आपल्या माणसाचे कलेवर शोधू लागते. शांतिपर्वाच्या प्रारंभी तर विजेता युधिष्ठिरच राज्य नको म्हणतो. धर्मयुद्ध अटळ होते, हे व्यास नाकारत नाहीत. पण त्याचे मोल कोणाच्या घराने चुकते केले, हेही लपवीत नाहीत. शौर्य आणि शोक या दोहोंचा मान राखणारी ही परंपरा आहे. २६ जुलैला कारगिल विजय दिन साजरा होताना तिचे स्मरण अगत्याचे ठरते.

१९९९च्या त्या संघर्षात ५२७ वीर हुतात्मा झाले, तेराशेहून अधिक जखमी झाले. त्यांतील कित्येकांनी पंचविशीही ओलांडली नव्हती. राजपुताना रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनचे कॅप्टन विजयंत थापर २९ जून १९९९ रोजी धारातीर्थी पडले, तेव्हा त्यांचे वय २२ वर्षांचे होते. अखेरच्या चढाईपूर्वी त्यांनी घरी पत्र लिहून ठेवले. सैन्य जेथे लढले ती जागा येऊन पाहा, अनाथाश्रमाला काही पैसे द्या, काश्मीरमधील एका लहान मुलीला दरमहा ५० रुपये देत राहा, असे त्यात होते. समोर मृत्यू उभा असताना या तरुणाला परक्या लेकराची आठवण होती! वडील कर्नल व्ही. एन. थापर स्वतः सैनिक. मुलाच्या इच्छेचा मान राखून ते पुढे अनेक वर्षे द्रासला जात राहिले. त्या वाटेवरचे प्रत्येक पाऊल किती जड असेल, याचे मोजमाप कोणत्याही सन्मानपत्रात नसते.

काही घरांच्या वाट्याला तर शेवटचे दर्शनही आले नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे डिसेंबर १९७१ मध्ये मोहिमेवर गेले, ते परतले नाहीत. पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. संसाराला दोन वर्षेही झाली नव्हती. पाकिस्तानच्या कैदेत असल्याचे मानले गेलेल्या ५४ जणांत तांबे यांचे नाव होते. पाकिस्तानने ते सतत नाकारले. २००७ मध्ये १४ नातलगांना तेथील तुरुंग पाहू दिले गेले, पण हाती काही लागले नाही. कुंकू पुसावे की जपावे, हेच ज्या घराला ठाऊक नाही, त्या घराचे युद्ध कधी संपते?

आणि जो परत येतो त्याचे काय? सकाळी सोबत चहा घेतलेला मित्र दुपारी गेला, आपण मात्र उरलो, ही बोचणी घेऊन जवान सुटीवर गावी येतो. गाव त्याला पराक्रमाच्या कथा विचारते. रात्री वरातीतील फटाक्यांनी तो दचकून उठतो, हे केवळ त्याच्या आईला ठाऊक असते. कोणी भित्रा म्हणेल या संकोचाने तोही बोलत नाही. परंतु गांडीव हातून गळाले ते अर्जुनासारख्या धनुर्धराचेच! श्रीकृष्णाने आधी त्याचे सारे म्हणणे ऐकून घेतले, उपदेश नंतर केला. समाजाने त्या ऐकण्याचा धडा गिरवायला हवा. मनाच्या जखमेवर उपचार घेण्यात कमीपणा नाही, हे गावागावांत रुजायला हवे.

साताऱ्याचे सुपुत्र कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाडा येथे हुतात्मा झाले. दोन लहान मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक यांनी खडतर प्रशिक्षण पूर्ण करून सप्टेंबर २०१७ मध्ये सैन्यात अधिकारीपद मिळवले. हे तेज वंदनीय आहे. मात्र प्रत्येक वीरपत्नीने असेच असामान्य व्हावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. एखादीला रडायचे असेल, एखादीला शिकायचे असेल, एखादीला नवा संसार मांडावासा वाटेल. ‘वीरपत्नी’ हा सन्मान तिच्या पायातील बेडी होता कामा नये. साहाय्यनिधीच्या वाटणीवरून सासर-माहेरात वाद होतात, तेव्हा तिच्या हक्कामागे उभे राहणे हीसुद्धा राष्ट्रसेवाच होय.

अंत्ययात्रेला हजारो जमतात. खरी कसोटी लागते ती वर्षभराने. मुलाचा शाळाप्रवेश, निवृत्तिवेतनाचे अडलेले कागद, सणाच्या दिवशी बंद असलेले दार या वेळी कोण येतो? हुतात्म्याने सीमेवर आपला शब्द पाळला. त्याच्या उंबरठ्यावर समाजाने आपला पाळावा, हीच त्या बलिदानाला खरी मानवंदना!