कागद आधी काढा



मी सूतगिरणीतला कामगार. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं वाचून शिकलो. पैशापायी पोरांचं कॉलेज सोडवू नका, एवढंच सांगायला उभा आहे.

1913 साली बाबासाहेब अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तेव्हा शिष्यवृत्ती म्हणजे भीक, असं कुणी म्हणू नये. आज आपल्या पोरांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. त्याच्या वर गेलं तर फ्रीशिप आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर 2016-17 पासूनची स्वाधार योजना आहे. नांदेड-लातूरला खोली करून राहणाऱ्या खेड्यातल्या पोराला जेवणाखाणाचा तो मोठा आधार.

पण पैसा कागदापाशी अडतो. माझ्या थोरलीचा अर्ज भरला, मंजूरही झाला. बँकेचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं. पैसे आलेच नाहीत. तिच्या आईनं डोरलं गहाण टाकून फी भरली. चूक आमचीच होती, मी विचारलंच नव्हतं. डोरलं सुटायला दोन वर्षं लागली.

इंजिनिअरिंग-मेडिकलला जात पडताळणी लागते. बारावीचा निकाल लागल्यावर धावू नका, अकरावीतच अर्ज टाका. जुन्या पुराव्यासाठी आजाच्या शाळेचा दाखला गावात जाऊन शोधावा लागतो, त्यातच महिने जातात.

रविवारी वंदनेनंतर मी इथंच बसतो. अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात, ते मोबाईलवर मला जमत नाही. कॉलेजच्या दोन पोरांनी सोबत बसावं. येताना रेशनकार्ड अन् बापाचा शाळा सोडल्याचा दाखला आणा.