मचाणावरची थंडी आणि बिनआवाजाचं कापड
(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सगळ्यांना एकच सूचना दिली होती : नोकरीबद्दल बोलायचं नाही, छंदाबद्दल बोलायचं. मी माझा छंद सांगितला तेव्हा फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग विचारणा झाली, "अरे, बायकापोरं असतात, गुरुजी असतात, दुसरं काही नाही का?" दुसरं काही नाही. मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो आणि नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि ती तशीच राहावी असं माझं मत आहे. तिथली परिस्थिती वेगळी आहे. शेतीच्या मुलखातून लांडगे केव्हाच गेले आणि पांढऱ्या शेपटीची हरणं वाढली. ती मका-सोयाबीन खातात आणि रात्री मोटारींवर आदळतात. म्हणून राज्य सरकार परवाने देऊन ठरावीक दिवस शिकार करू देतं. बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो आणि तो थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. मांस घरी खाल्लं जातं आणि अन्नछत्रांना देण्याचीही सोय आहे. १ जानेवारी १९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना शिकारीचा अभ्यासवर्ग केल्याशिवाय साधा परवाना मिळत नाही. आपल्या तुकडीतले सगळे त्याआधीचे, त्यामुळे ती सक्ती मला नव्हती. तरी मी तो वर्ग केला. पहिल्या बाकावर बसायची सवय लावणारे सर आज समोरच बसलेत.

शिकार बरी की वाईट, हा वाद आपण जेवताना घालू. मी बोलणार आहे कपड्यांबद्दल. कारण आपण इचलकरंजीची माणसं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून हे गाव मागाच्या खडखडाटात झोपतं आणि उठतं. अशा गावच्या माणसानं बिनआवाजाच्या कापडावर भाषण द्यावं, ही गंमतच आहे.

मचाण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऐसपैस माळा येतो. तिथलं मचाण म्हणजे झाडाच्या खोडाला पट्ट्यांनी बांधलेली लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची बैठक आणि पायाखाली पाटाएवढी फळी. जमिनीपासून उंची पंधरा-वीस फूट. उजाडण्याआधी शिडीनं वर चढायचं आणि चार-पाच तास न हलता बसायचं. पहाटे पारा उणे ५, उणे १० असू शकतो, वर वारा.

चालणाऱ्या माणसाला ही थंडी फारशी त्रास देत नाही, कारण स्नायू काम करत असतात. स्वस्थ बसलेलं शरीर मात्र साधारण शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकीच उष्णता तयार करतं. तेवढ्यावर भागवायचं असतं. हुडहुडी भरली की नेम हलतो, आणि नेम हलला की जनावर जागीच पडत नाही. ते जखमी होऊन रानात जातं आणि हाल होऊन मरतं. शिकाऱ्याच्या हातून होणारं याहून वाईट काम नाही. दुसरं, बोटं बधिर झाली की शिडीवरची पकड सुटते. मचाणावरून पडून माणसं कायमची अपंग होतात, मरतात. तेव्हा इथे कपडा हा हौसेचा विषय राहत नाही. जनावराचे हाल आणि आपले हातपाय, दोन्ही त्यावर अवलंबून असतात.

आता शास्त्र. ऊब कापडात नसते. ऊब असते कापडानं अडवून ठेवलेल्या स्थिर हवेत. धागा जितका केसाळ, कुरळा आणि लवदार, तितकी हवा जास्त अडकते. आवाजाचंही तसंच आहे. गुळगुळीत, घट्ट विणीचं, लेप दिलेलं कापड दुमडलं की कागदासारखं वाजतं. लवदार कापड स्वतःवर घासलं तरी आवाज जिरवतं. म्हणजे ऊब आणि शांतता दोन्ही लवेतूनच मिळतात. मग अडचण कुठे आहे? वाऱ्यात. लवदार कापडातून वारा आरपार जातो आणि अडकलेली हवा घेऊन जातो. वारा अडवायला घट्ट विणीचं कापड लागतं, आणि तेच वाजतं.

यावर उत्तर क्रमात आहे. अंगालगत पातळ लोकर. त्यावर जाड लोकर किंवा फ्लीस. त्यावर वारा अडवणारा पातळ थर. आणि सगळ्यांत बाहेर पुन्हा लवदार कापड. वाजणारा थर दोन मऊ थरांच्या मध्ये दाबून टाकायचा. दुकानातले भारी शिकारी कोट असेच शिवलेले असतात, वाऱ्याचा पडदा आत शिवलेला असतो. पण हे तत्त्व कळलं की घरातल्या कपड्यांतूनही काम भागतं. साधं वाऱ्याचं जाकीट घाला आणि त्यावर एक माप मोठा लोकरी कोट चढवा.

आता आपल्या गावाला न आवडणारी गोष्ट. या कामाला सुती कापड चालत नाही. कॉलेजात पाठ केलेले आकडे आमच्यातल्या टेक्स्टाइलवाल्यांना आठवत असतील : प्रमाणित हवेत कापूस साडेआठ टक्के ओलावा धरतो, लोकर सोळा टक्के आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. मग जास्त ओलावा धरणारी लोकर कशी चालते? कारण लोकर पाणी तंतूच्या आत घेते, तिचा कुरळेपणा टिकतो आणि वाफ शोषताना ती थोडी उष्णताही देते. कापूस घामानं भिजला की लोळागोळा होतो, अंगाला चिकटतो आणि त्यातली हवा निघून जाते. हवेच्या जागी पाणी येतं, आणि पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे चोवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं. सुती बनियन आतमध्ये असेल तर वरचा हजारो रुपयांचा कोट वाया जातो.

पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत येणारे धनगर आपण लहानपणापासून पाहिलेत. त्यांच्या खांद्यावरचं घोंगडं आठवा. दख्खनी मेंढीची राठ लोकर, चिंचोक्याची खळ, सनगराच्या हातमागाची वीण. पावसात डोक्यावर घ्यायचं, रात्री अंगाखाली घालायचं, ओलं झालं तरी ऊब सोडत नाही. मेंढरांत वावरताना ते सळसळतही नाही. विस्कॉन्सिनमधले जुने शेतकरी आजही जाड लोकरीचे काळे-तांबडे चौकटीचे कोट घालतात, त्यामागचं शहाणपण हेच. मी राहतो त्याच्या शेजारच्या कॉकॉना गावातला स्टॉर्मी क्रोमर नावाचा इंजिन-ड्रायव्हर होता. त्याच्या टोप्या वाऱ्यानं उडत, म्हणून १९०३ साली त्याच्या बायकोनं कान झाकणारी लोकरी टोपी शिवून दिली. ती टोपी अजून विकली जाते.

फ्लीस हा त्याच घराण्यातला, पण अलीकडचा. १९७९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन मिल्सनं पॉलिएस्टरचं विणलेलं कापड दोन्ही बाजूंनी घासून लव काढली. आपल्याकडे रेझिंग करतात तीच क्रिया. ते हलकं असतं, लवकर वाळतं आणि वाजत नाही. फक्त त्याला गोखरू चिकटतात आणि वारा अडत नाही.

कापड घेताना एक परीक्षा करा. ते कानाजवळ धरून नखानं खरवडा. 'चर्र' वाजलं तर ठेवून द्या. पण दुकानातली परीक्षा अपुरी असते. लेप दिलेलं कापड वीस अंशांत मऊ असतं आणि उणे दहात रेक्झिनसारखं कडक होतं. म्हणून घरी आणल्यावर ते अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा चुरगाळून ऐका. माणसाच्या कानाच्या वरच्या पट्टीतले आवाजही हरणाला ऐकू येतात, आणि कडक कापडाची करकर बरीचशी वरच्या पट्टीतच असते. वेल्क्रो नकोच, बटणं बरी. चेनचं धातूचं टोक काढून तिथे नाडी बांधा.

दुसरी गोष्ट घामाची. मचाणापर्यंत अर्धा तास चालावं लागत असेल तर मोठा कोट अंगात घालून चालू नका. तो पाठीवर बांधा आणि थोडी थंडी वाजेल इतक्याच कपड्यांत सावकाश चाला. झाडाखाली पोहोचल्यावर श्वास खाली बसू द्या, मग बाकीचे थर चढवा. घामानं भिजलेला माणूस झाडावर तासाभरात गारठतो.

पायांचं गणित लोक उलटं करतात. बूट घट्ट होईल इतके मोजे घातले की रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गारठतात. एक जाड लोकरी मोजा आणि आत बोटं हलतील असा बूट पुरे. पायाखालची धातूची फळी थंडी खेचते, म्हणून तिच्यावर जाजमाचा तुकडा टाका. त्यानं बुटाचा आवाजही बंद होतो. हाताला जाड मोजे घालून घोडा नीट जाणवत नाही, म्हणून पातळ मोजे घालायचे आणि हात कमरेच्या लोकरी नळीत ठेवायचे. त्यात उबेच्या पुड्या टाकता येतात. पुडीतली लोखंडाची पूड हवेतल्या प्राणवायूनं गंजते आणि गरम होते. म्हणून घट्ट बुटात, हवा न मिळाल्यानं, ती थंड पडते. ती उघड्या कातडीवर मात्र ठेवू नका, भाजतं. आणि अर्धी उष्णता डोक्यातून जाते ही ऐकीव गोष्ट आहे. डोकं साधारण आपल्या आकाराच्या प्रमाणातच उष्णता घालवतं. तरी टोपी आणि गळपट्टा हवाच, कारण बाकी सगळं झाकल्यावर उघडं तेवढंच राहतं.

रंगाबद्दल सगळे विचारतात. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात कमरेवरच्या बाहेरच्या कपड्याचा निम्मा भाग भडक नारिंगी असावा लागतो. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. हे दुसऱ्या शिकाऱ्यानं आपल्याला माणूस म्हणून ओळखावं यासाठी. हरणाच्या डोळ्यात तांबडा ओळखणाऱ्या पेशी नसतात, त्याला नारिंगी रंग मळकटच दिसतो. निळं आणि अतिनील मात्र त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. म्हणून हे कपडे टिनोपाल घातलेल्या पाण्यात किंवा शुभ्रतेची चमक देणाऱ्या साबणात धुवायचे नाहीत. आणि स्वस्तातलं प्लास्टिकचं नारिंगी जाकीट घेऊ नका, ते पापडासारखं वाजतं. त्याच रंगाचं फ्लीसचं मिळतं.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट : सुरक्षेचा पट्टा. तो खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारा असतो. जमीन सोडण्याआधीच दोराला अडकवायचा आणि खाली पाय टेकेपर्यंत सोडायचा नाही. उन्हाळ्यात पातळ सदऱ्यावर बसवलेला पट्टा हिवाळ्यात चार थरांवर बसत नाही. मग माणूस म्हणतो, आजच्या दिवस राहू दे. अपघात त्याच दिवशी होतो. म्हणून हंगामाआधी घरी सगळे थर अंगावर चढवून पट्टा बसवून पाहायचा. कपडा इतका जाड होत असेल की पट्टा लागत नाही, तर कपडा बदलायचा. बंदूक रिकामी करून दोरीनं वर ओढायची, हातात घेऊन चढायचं नाही.

आणि उतरायचं कधी, हे वर चढण्याआधीच ठरवायचं. कापरं थांबेना, शब्द अडखळू लागले, चेन लावायला बोटं वळेनात, म्हणजे उशीर होत आला. मी दर तासाला अंगठा करंगळीला टेकवून पाहतो. टेकला नाही की त्या दिवसाची शिकार संपली, समोर हरीण उभं असलं तरी. शिडीवर दोन हात, दोन पाय यांतले तीन नेहमी टेकलेले ठेवून सावकाश खाली यायचं.

तुमच्यापैकी कुणी शिकारीला जाणार नाही हे मला माहीत आहे. पण इथे बसलेल्या कित्येकांची मुलं शिकागोला, न्यू जर्सीला, टोरांटोला आहेत आणि नातवंडाच्या बारशाला नेमकं जानेवारीतच जावं लागतं. बस थांब्यावर वीस मिनिटं उभं राहणं आणि मचाणावर बसणं यात फारसा फरक नाही. तेव्हा आतमध्ये सुती नको, बूट सैल घ्या, वारा अडवा आणि घाम येऊ देऊ नका. एवढं लक्षात राहिलं तर माझी पंधरा मिनिटं सत्कारणी लागली.

बाकी वाद जेवताना घालूच. पंगत लागली आहे असं संयोजक खुणावताहेत.