घमेलं आधी कोणाच्या डोक्यावरचं उतरणार?

(बांधकाम मजूर स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



बांधकामावर यंत्रमानव येणार म्हटलं की आपल्यातल्या काहीजणी लगेच म्हणतात, 'नकोच ते, बायकांच्या पोटावर पाय येईल.' मला असं सरसकट म्हणवत नाही. चुंबळीवर घमेलं घेऊन दिवसभर परांचीवर चढ-उतार करणं हे काही जपून ठेवावं असं काम नाही. त्यापायी कंबर आणि मान धरलेल्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. प्रश्न असा, की कोणतं काम यंत्राला द्यायचं हे ठरवतं कोण, आणि कशावरून?

जपानमध्ये शिमिझू कंपनीने १९८३ साली पोलादी तुळयांवर अग्निरोधक लेप फवारणारा यंत्रमानव आणला. ते काम माणसाच्या फुफ्फुसांना घातक, शिवाय तिथे मजूर मिळेनात. २०२० मध्ये हिल्टीने छताला भोकं पाडणारा यंत्रमानव आणला. मान वर करून, काँक्रीटची धूळ तोंडावर घेत हे काम करावं लागतं. ही निवड पटते. पण अमेरिकेतला 'सॅम' पाहा. तो विटा रचतो, म्हणजे गवंड्याचं काम करतो. त्याच्यापुढे विटा आणि मसाला आणून द्यायला माणूस लागतोच! कसब यंत्राने घेतलं, ओझं माणसाकडे राहिलं.

एका जागी तेच तेच करणं यंत्राला सोपं, खडी-सळयांतून वाट काढणं अवघड, हे खरंच. पण हिशेबही आहे. यंत्राची किंमत वाचलेल्या मजुरीतून वसूल करायची असते. बिगारी बाई स्वस्त, मग तिचं ओझं उतरवण्यात ठेकेदाराला काय फायदा? बाईने कोणाच्या मदतीशिवाय ३० किलोपेक्षा जास्त उचलू नये, असं बांधकाम मजुरांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत लिहिलं होतं. सिमेंटची गोणी ५० किलोची!

आणि फायदा दिसला की काय होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. तयार काँक्रीट आणि पंप आले, आणि स्लॅबच्या दिवशी हातोहात घमेली देणारी बायकांची रांग गेली. घमेलं उतरलं, त्याबरोबर मजुरीही बुडाली. पंपावर मात्र पुरुष. बायकांना यंत्र कळत नाही म्हणे! गवंडीकामाबद्दलही हेच म्हणत होते. झारखंडात शिकवलं तेव्हा बायका राणीमिस्त्री झाल्या, संडास बांधून मोकळ्या झाल्या.

तेव्हा यंत्र नको असं न म्हणता आपण यादी मागू या. ओझं वाहणं, धुळीत कापणं-फोडणं, उंचावर लटकून रंग देणं आधी यंत्राला द्या. पाणी मारायच्या, साफसफाईच्या कामाची घाई नको. आणि जिचं काम जाईल तिला यंत्र चालवायला शिकवा, शिकतानाच्या दिवसांच्या मजुरीसकट.

मजूर नाक्यावर जाल तेव्हा बायकांना विचारा, कोणतं काम आधी सोडाल आणि कोणतं मुळीच सोडणार नाही. दोन्ही लिहून आणा. इंजिनियरच्या यादीशी ते जुळेल असं मला वाटत नाही.