जोडणाऱ्या हातांचा धनी कोण?



'जालना सोने का पालना' ही म्हण या शहरात जुनी माणसे आजही अभिमानाने सांगतात. त्या काळचे सोने व्यापाराचे होते. पुढे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली आणि बियाण्यांमुळे जालन्याचे नाव देशभर गेले. त्यानंतर लोखंडी सळयांचे कारखाने उभे राहिले. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. या सर्व उद्योगांत कामगारांचे प्रश्न होते आणि आहेत. परंतु आपण कोणत्या कारखान्याच्या फाटकातून आत जातो, एवढे तरी तेथील कामगाराला ठाऊक असते. गेल्या तीस वर्षांत मात्र ज्याला फाटकच नाही, असा एक उद्योग याच जिल्ह्यातील तरुणांना काम देऊ लागला. तो म्हणजे दूरसंचार आणि संगणकाचा उद्योग. त्यात राबणाऱ्या हातांचा धनी कोण, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

थोडे मागे जावे लागेल. मुंबईला बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसायचे, असे ते दिवस होते. मग थेट दूरध्वनीची सोय झाली, ०२४८२ हा जालन्याचा क्रमांक सर्वांच्या तोंडी बसला आणि चौकाचौकांत पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ दिसू लागले. या बूथच्या वाटपात दिव्यांग, माजी सैनिक, विधवा भगिनी यांना प्राधान्य होते. काचेची एक खोली, दर मोजणारे यंत्र आणि एक खुर्ची एवढ्या भांडवलावर कुटुंबे उभी राहिली. भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी अशा स्वयंरोजगारी माणसांच्या जगाला 'विश्वकर्मा क्षेत्र' म्हणत. तो बूथवाला कोणाचा नोकर नव्हता आणि कोणाचा शोषकही नव्हता.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला भ्रमणध्वनी संवाद झाला. सरकार स्वतःच सेवा देणार आणि स्वतःच खासगी स्पर्धकांचे नियम ठरवणार, ही विसंगती दूर करण्यासाठी १९९७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच 'ट्राय', अस्तित्वात आले. १९९९ च्या नव्या धोरणाने ठोक परवाना शुल्काच्या जागी महसुलातील वाट्याची पद्धत आणली. २००० साली वाद सोडवण्यासाठी वेगळे अपिलीय न्यायाधिकरण झाले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला दूरसंचार खात्याच्या सेवेतून भारत संचार निगमचा जन्म झाला. २००३ पासून भ्रमणध्वनीवर आलेल्या कॉलचे पैसे भरणे थांबले. दर कोसळले आणि शेतमजुराच्या खिशातही फोन आला. हे यश मोठे आहे आणि त्यात नियामकाचा वाटा निःसंशय आहे.

परंतु २००० च्या दुरुस्तीनंतरची ट्राय कायद्याची प्रस्तावना लक्षपूर्वक वाचावी. दूरसंचार क्षेत्रातील सेवा पुरवठादार आणि ग्राहक यांच्या हितांचे रक्षण करणे, असा हेतू तेथे नमूद आहे. पक्ष दोनच. तिसरा पक्ष म्हणजे तार ओढणारा, मनोऱ्यावर चढणारा, रात्री दोन वाजता तक्रार ऐकून घेणारा. त्याचा तेथे उल्लेख नाही. ग्राहकाने सेवा केंद्राला फोन केल्यावर ९० सेकंदांच्या आत माणसाचा आवाज ऐकू यावा, असा निकष नियामकाने घातला. तो योग्यच आहे. मात्र त्या आवाजाचा धनी किती तास खुर्चीत बसला आहे आणि त्याचे वेतन कोण देते, हे मोजणे नियामकाच्या कामात येत नाही. ते कामगार खात्याचे काम. आणि कामगार खाते गेले, तर कंपनी कंत्राटदाराकडे बोट दाखवते.

येथेच 'आउटसोर्सिंग' या शब्दाचा खरा अर्थ उलगडतो. सरकारी कागदात त्याला 'बाह्ययंत्रणा' म्हणतात. २०१९ साली भारत संचार निगमच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय झाला, तेव्हा एक आकडा सर्वत्र चर्चिला गेला. निगमच्या उत्पन्नापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्कम वेतनावर जात होती, तर खासगी कंपन्यांत हे प्रमाण एक आकडीच होते. सरकारी नोकर आळशी आणि खासगी कंपनी कार्यक्षम, असा निष्कर्ष अनेकांनी त्यावरून काढून टाकला. त्यात काही सत्य आहे. खात्याच्या काळापासून चालत आलेली मोठी कर्मचारीसंख्या निगमच्या वाट्याला आली होती, हे नाकारता येणार नाही. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खासगी कंपनीचे मनोरे वेगळी कंपनी सांभाळते, ग्राहकसेवा तिसरी चालवते, दुरुस्ती चौथ्याकडे असते. त्या सर्वांच्या कामगारांचे वेतन मूळ कंपनीच्या हिशेबात 'वेतन' म्हणून येतच नाही. ते 'सेवाशुल्क' या रकान्यात जाते. माणसे तेवढीच राबतात, फक्त रकाना बदलतो.

३१ जानेवारी २०२० रोजी निगममधील सुमारे ७८ हजार ५०० कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. ही संख्या एकूण मनुष्यबळाच्या निम्म्याहून अधिक होती. त्यांना नियमानुसार लाभ मिळाले. मात्र गावोगावच्या लाइनदुरुस्तीची कामे पुढे कंत्राटदारांकडे गेली. निगमकडे आधीपासून कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्यांचे वेतन २०१९ मध्ये महिनोन्महिने थकले होते, आणि त्यांच्यासाठी स्वेच्छानिवृत्तीचे कोणतेही पॅकेज नव्हते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तेव्हाही असेच घडले. काही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. लहरींच्या किमतीवर देशभर चर्चा झाली. नोकरी गेलेल्यांचा विषय त्या चर्चेत अभावानेच आला. २०१६ नंतरच्या दरयुद्धातही अनेक कंपन्या मिटल्या आणि तोच प्रकार पुन्हा घडला.

जालन्याची मुले-मुली पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरमध्ये जाऊ लागली, तेव्हा घराघरांत आनंद झाला. इंग्रजी बोलणे, संगणक हाताळणे आणि पहिल्याच वर्षी वडिलांच्या बरोबरीचा पगार. पण १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यात अशाच एका केंद्रात रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर, तिला नेण्यासाठी आलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिची हत्या केली. गाडी कंत्राटाने घेतलेली होती. तरुणीचा विश्वास होता तो गाडीवर, कारण ती 'कंपनीची गाडी' होती. आरोपींना मृत्युदंड झाला. पुढे अंमलबजावणीतील विलंबामुळे २०१९ साली उच्च न्यायालयाने ती शिक्षा ३५ वर्षांच्या कारावासात बदलली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या महिलेची संमती आवश्यक ठरली आणि तिच्या संरक्षणाची व वाहतुकीची जबाबदारी मालकावर टाकण्यात आली. कंत्राट दिले म्हणून जबाबदारी देता येत नाही, हे तत्त्व समाजाला इतकी मोठी किंमत मोजून शिकावे लागले.

आता शहर सोडून गावात येऊ. २०११ साली राज्यात 'संग्राम' प्रकल्प आला. संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र हे त्याचे पूर्ण नाव. प्रत्येक ग्रामपंचायतीत संगणक आला आणि त्यावर बसायला एक संगणक परिचालक नेमला गेला. बहुधा तो गावातलाच, एमएस-सीआयटी झालेला, पदवीधर मुलगा किंवा मुलगी. २०१६ पासून या केंद्रांना 'आपले सरकार सेवा केंद्र' असे नाव मिळाले. जालना जिल्ह्यात साडेसातशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, बदनापूर कोठेही जावे, जन्म-मृत्यूची नोंद, रहिवासी दाखला, नमुना आठ, पंचायतीचे जमाखर्च हे सर्व या एका खुर्चीतून होऊ लागले. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, तेव्हा सर्व्हर चालत नाही म्हणून शेतकरी रात्र-रात्र केंद्रांपुढे रांगेत होते. आणि आत बसलेला परिचालकही तेवढाच वेळ जागा होता.

तो काम करत होता ग्रामपंचायतीचे, तिच्याच कार्यालयात, ग्रामसेवकाच्या सांगण्यावरून. पैसे जात होते पंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून. पण ते जिल्हा परिषदेमार्फत बाहेरच्या कंपनीकडे जात आणि तेथून परिचालकाच्या खात्यात उतरत. हातात पडणारी रक्कम दीर्घकाळ सहा-सात हजारांच्या घरात राहिली आणि तिचे नाव 'वेतन' नव्हे, 'मानधन' होते. तेही कित्येकदा अनेक महिने थकत असे. सरपंचाला विचारावे तर तो म्हणे, पंचायतीने पैसे भरले आहेत. कंपनी म्हणे, वरून आले नाहीत. आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनावर या परिचालकांची आंदोलने वर्षानुवर्षे झाली. मागणी एकच होती : ग्रामपंचायतीचा कर्मचारी म्हणून मान्यता द्या, आमचा धनी कोण ते सांगा.

बाह्ययंत्रणेची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. तीनशे उंबऱ्यांच्या गावाला कायम संगणक कर्मचारी परवडणारा नाही. भरतीची सरकारी प्रक्रिया लांबते, तंत्र दर पाच वर्षांनी बदलते, मोसमी कामाला कायमची माणसे घेता येत नाहीत. हे सारे खरे आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तात्पुरत्यांना मागच्या दाराने कायम करता येणार नाही, असा निर्णय दिला, त्यामागेही सर्वांना समान संधी मिळावी हाच विचार होता. परंतु त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्यांनाही लागू केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तर वर्षानुवर्षे चालणारे नित्याचे काम तात्पुरते म्हणवून माणसांना हक्कांपासून दूर ठेवण्यावर कठोर ताशेरे ओढले. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत भरतीचा शासन निर्णय निघाला आणि लोकक्षोभानंतर ऑक्टोबरमध्येच तो मागे घ्यावा लागला. समाजाचे मन कोठे आहे, हे त्यावरून दिसले.

तेव्हा वाद कायम की कंत्राटी, एवढाच नाही. वाद जबाबदारीचा आहे. कंत्राटदाराने वेतन बुडवले तर मूळ मालकाने ते द्यावे आणि नंतर त्याच्याकडून वसूल करावे, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही हे तत्त्व टिकले आहे. पण कंत्राटी कामगारांची संख्या ५० च्या आत असेल तर ते प्रकरण लागू होत नाही. मोठे काम लहान-लहान कंत्राटांत वाटले की कायद्याची मर्यादा सहज चुकवता येते. जिल्ह्याच्या पातळीवर ही फट सर्वांत मोठी आहे आणि येथेच लक्ष ठेवावे लागेल.

त्यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याची गरज नाही. घरातील मुलगा नोकरीला लागला की पेढे वाटण्यापूर्वी नेमणूकपत्र वाचावे. त्यावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मिळाला का, दरमहा त्यात रक्कम जमा होते का, हे भ्रमणध्वनीवरही तपासता येते. गावात ग्रामसभा आहे. ज्या माणसाच्या हातून दाखला मिळतो, त्याचे पैसे पंचायतीने कोणाला आणि कधी दिले, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. एका ग्रामसभेत एकाने विचारले तरी तो प्रश्न इतिवृत्तात जातो. कार्यकर्त्यांनी एवढे काम अंगावर घ्यावे. जिल्हा परिषदेने कंत्राट देताना वेतनाची तारीख आणि ती चुकल्यास दंड या दोन ओळी निविदेतच लिहाव्यात, असा आग्रह सर्व पक्षांच्या सदस्यांकडे धरावा.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात आहे. समर्थांनी प्रपंच नेटका करण्याचा आग्रह धरला. राबणाऱ्याचा मोबदला वेळेवर चुकवणे हा नेटक्या प्रपंचाचा पहिला हिशेब. पुढच्या वेळी दाखला घ्यायला पंचायतीत गेल्यावर खिडकीपलीकडच्या त्या मुलाला, 'बाबा रे, तुझा गेल्या महिन्याचा पगार झाला का?' एवढे प्रत्येकाने अवश्य विचारावे. त्याचे उत्तर 'नाही' असे आले, तर पुढच्या ग्रामसभेत काय बोलायचे ते आपोआप ठरेल. एवढीच या निमित्ताने अपेक्षा.