डान्स फ्लोअर ते मुक्तांगण

फेब्रुवारी 2024मध्ये पुणे पोलिसांनी पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या एका कारखान्यावर छापा टाकून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा प्रचंड साठा पकडला. त्याच वर्षी जूनमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका पबमधली अमली पदार्थांच्या सेवनाची चित्रफीत गाजली आणि पालकांची झोप उडाली.

क्लबमध्ये ‘एमडी’ म्हणून ओळखलं जाणारं हे मेफेड्रोन मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन एकदम उसळवतं. मग थकवा जाणवत नाही, नाच थांबत नाही. पण अंगातला ताप वाढतो, हृदयावर ताण येतो. परिणाम लवकर ओसरतो, म्हणून पुन्हा घ्यावंसं वाटतं. नंतर उरते ती उदासी, निद्रानाश आणि संशय.

यातून बाहेर पडता येतं. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मोठा आधार दिला. तेव्हा प्रश्न गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा होता, आज पदार्थ बदललेत. उपचारांचा गाभा मात्र तोच: औषधं, समुपदेशन, गटचर्चा, घरच्यांचा सहभाग आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा. पुन्हा पाय घसरला, तर उपचार पुन्हा सुरू करायचे. ओरडा-मारझोड करून काही साधत नाही.

कायद्याची भीती वाटते? स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प प्रमाणातल्या पदार्थाच्या गुन्ह्यात अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ संरक्षण देतं. मोफत सल्ल्यासाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन आहे 14446. पुन्हा सांगतो, एक चार चार चार सहा. आणि पार्टीत कुणी तापानं फणफणलं, बरळू लागलं किंवा कोसळलं, तर लगेच 108ला फोन करा.