चाकू आपल्या हातचा करून घ्या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका कृषीसखीने केलेल्या बोलण्याचा मजकूर)

आज बचतीचा, कर्जाचा विषय नाही. आज बोलायचं आहे पदराला बांधून किंवा पिशवीत टाकून आपण वावरात नेतो त्या घडीच्या चाकूबद्दल. त्यातही वाकड्या पात्याच्या, ससाण्याच्या चोचीसारख्या चाकूबद्दल. दुकानात त्याला ‘हॉकबिल’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा इळ्याचा लहान भाऊ, घडी करून खिशात मावणारा.

वरुड, मोर्शी, शेंदुरजना घाट इकडच्या बायांना हा नवा नाही. संत्र्याचा हंगाम झाला की झाडावरची वाळलेली काडी, म्हणजे सल, काढायची असते. बोटाएवढ्या काडीला हे पातं चांगलं. काडी पात्याच्या पोटात बसते, निसटत नाही, आणि ओढलं की तुटते. सुतळी, पोत्याचं तोंड, ठिबकची जुनी नळी यांनाही तेच. पण रोपवाटिकेत जंबेरीवर डोळा बांधायचा असेल तर वाकडं पातं नको. तिथं सालीला नाजूक चीर द्यायची असते, म्हणून सरळ, पातळ पात्याचाच चाकू घ्या. अंगठ्याहून जाड फांदीला कात्री नाहीतर आरी. एकाच चाकूनं सगळं करायला गेलं की पातं मोडते, नाहीतर बोट कापते.

आता मुख्य गोष्ट. बाजारातला चाकू बहुतेक वेळा मोठ्या पंजाच्या माणसासाठी बनवलेला असतो. आपण काय करतो? “चालते व बाई” म्हणून तसाच वापरतो. मग संध्याकाळी मनगट ठणकते, तळहाताला फोड येतात, आणि चाकू सटकला की दुसऱ्या दिवशीची मजुरी जाते. हाताला चाकूसारखं वळवू नका, चाकूला हातासारखं करून घ्या.

कसं? मूठ आवळून पाहा. बोटांची टोकं तळहाताला जवळजवळ टेकली पायजेत. बोटं लांबच राहत असतील तर मूठ जाड आहे, लाकडी असेल तर घासून बारीक करून घ्या. बोटं तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, घामानं सटकणार नाही. मुठीच्या मागच्या टोकाला भोक असेल तर लाल दोरी बांधा. गवतात पडला तर सापडतो. डावखुऱ्या बायांनो, घ्यायच्या आधी पातं उघडायची खाच आपल्या हाताला येते का ते पाहा. उघडल्यावर पातं अडकून राहणारा, म्हणजे लॉकचा चाकू असेल तर उत्तम. लॉक नसेल तर पात्याच्या पाठीवर जोर देऊ नका, ते बोटावर मिटते. सांधा सैल झाला असेल तर लोहाराकडून खिळा ठोकून घ्या.

धार लावायची तर सपाट दगड वाकड्या पात्याच्या पोटात पोचत नाही. बारीक गोल कानस घ्या, नाहीतर गोल काठीला पॉलिश कागद गुंडाळा. आतून घासायचं, एकाच दिशेनं, मुठीकडून टोकाकडं. मशीनच्या चाकावर धरून पातं निळं पडू देऊ नका. निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, मग धार टिकत नाही.

ह्या चाकूचं कापणं ओढून होते, म्हणजे धार आपल्याकडंच येते. म्हणून काडीच्या अगदी समोर उभं राहू नका, जरा बाजूला राहा. दुसरा हात धारेच्या वाटेत नको. कापलंच तर जखम धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

झाडाचीही काळजी आहे. रोगट झाडाची काडी कापली आणि तोच चाकू निरोगी झाडाला लावला तर रोग आपणच पोचवतो. ते झाड कोणाच्यातरी वर्षाची कमाई असते. म्हणून झाड बदलताना पातं १ ते २ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवा. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर जेवढं औषध तेवढंच पाणी घातलं की २ टक्के होते. त्यात दुसरं काही मिसळू नका. काम संपल्यावर पातं साध्या पाण्यानं धुवा, पुसा, तेलाचं बोट फिरवा, नाहीतर गंज धरते. सल काढताना थोडा हिरवा भाग घेऊन कापा. मोठ्या जखमेवर बोर्डो मलम लावा : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

एक प्रश्न प्रत्येक गटात येतो, “ताई, पोलीस धरतील काय?” शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याचे नियम २०१६ चे. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर ते हत्यारात मोडते. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. आपलं पातं तीन इंचांचं, कामाचं. पण म्हणून ते सगळीकडं नेऊ नका. सणासुदीला, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली हत्यारं बाळगायला बंदीचे आदेश निघतात. यात्रेत, मोर्चात, मतदानाला जाताना चाकू घरीच ठेवा. बटण दाबून उघडणारा चाकू तर घेऊच नका.

काही पोरी विचारतात, “अंगरक्षणासाठी ठेवू का?” मी नाही म्हणते. झटापटीत चाकू हिसकला जातो आणि तोच आपल्यावर येतो. आवाज करा, माणसांत पळा, ११२ ला फोन लावा. पोलीस आणि बचाव पथकातले लोक असं वाकडं पातं ठेवतात ते मारायला नाही. अपघाताच्या गाडीत अडकलेल्याचा सीटबेल्ट, नाहीतर दोर कापायला ठेवतात. पट्टा पात्याच्या पोटात धरून ओढता येतो. अनेक जण टोक बोथट करून घेतात, म्हणजे आतल्या माणसाला लागत नाही. त्यांनीही चाकू आपल्या कामासारखा करून घेतला, एवढंच.

शेवटी एक काम. पुढच्या सभेला आपापला चाकू घडी मिटवून, कापडात गुंडाळून आणा. एकमेकींच्या मुठी हातात धरून पाहू, कोणाला काय जमते ते ठरवू. लोहाराकडं एकेकटीनं जाण्यापेक्षा गटानं गेलो तर मूठ आणि सांधा एकाच खेपेत होईल, भावही नीट ठरवता येईल. गोल कानस मी आणते, ट्यूबच्या पट्ट्या तुम्ही आणा.